जैनाबादची हीराबाई आणि दोन अनारकली

बुऱ्हाणपूरच्या घाटावरून तापीपलीकडे पाहिले की दिसते ते जैनाबाद. पंधरावे शतक उजाडण्याच्या सुमारास फारुकी घराण्यातल्या नासिरखानाने असीरगड घेतला आणि तापीच्या दोन काठांवर दोन वस्त्या वसवल्या. एकीला शेख बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव मिळाले, दुसरीला शेख जैनुद्दीन यांचे. या दोन्ही सूफींच्या कबरी आपल्या खुलदाबादला आहेत. रावेर-भुसावळकडच्या माणसाला हा मुलूख परका नाही. नकाशात मध्य प्रदेशात असला तरी त्याचे निम्मे नातेगोते खानदेशात आहे. जैनाबादला आहूखाना नावाची शाही बाग होती. आहूखाना म्हणजे हरणांचे रमण्याचे ठिकाण. १७ जून १६३१ रोजी मुमताज महल बुऱ्हाणपुरात बाळंतपणात वारली, तिला आधी जैनाबादच्या या बागेत दफन केले आणि त्याच वर्षी डिसेंबरात तिचा देह आग्र्याला नेला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितली जाते ती हीच गोष्ट. संगीताच्या इतिहासाला मात्र जैनाबादची दुसरी एक हकीकत जास्त जवळची आहे, आणि हिंदी चित्रपटसंगीतातल्या एका जुन्या, अजून न मिटलेल्या वादात तीच फार उपयोगी पडते.

ही हकीकत हीराबाईची. जैनाबादची म्हणून इतिहासात ती 'जैनाबादी' याच नावाने ओळखली जाते. १६५३च्या सुमारास दख्खनची सुभेदारी दुसऱ्यांदा स्वीकारून निघालेला शाहजादा औरंगजेब बुऱ्हाणपुरात थांबला. त्याची मावशी तिथेच होती आणि हीराबाई मावशीच्या नवऱ्याच्या जनानखान्यातली गायिका. पुढे काय झाले याबद्दल साधनांत एकमत नाही. 'अहकाम-इ-आलमगिरी'त ती झाडाची फांदी धरून उभी आहे आणि हलक्या आवाजात गुणगुणते आहे. अठराव्या शतकात औरंगाबादेत शाहनवाजखानाने रचायला घेतलेल्या 'मआसिर-उल-उमरा'त ती आहूखान्यात शाहजाद्याची पर्वा न करता उडी मारते आणि फळांनी लगडलेल्या झाडाचा आंबा तोडते. मावशीच्या नवऱ्याच्या नावावरही दोन ग्रंथांत मेळ नाही. औरंगजेब तिच्यात पुरता गुंतला, तिने त्याच्या हातात मद्याचा पेला देऊन त्याची परीक्षा पाहिली, ती तरुणपणीच गेली आणि तिला औरंगाबादेत मोठ्या तलावाजवळ पुरले, एवढे मात्र परंपरेने पक्के धरले आहे. ती गाण्यात निपुण होती हेही दोन्हीकडे सांगितले जाते. पण ती काय गात होती, कोणता राग, कोणता ताल, साथीला काय होते, याबद्दल कोणत्याही बखरकाराने एक अक्षर लिहून ठेवलेले नाही. आंब्याचे झाड नोंदले गेले, पेला नोंदला गेला, आणि जिच्यामुळे सगळे घडले ते गाणे तेवढे सुटले.

चित्रपटाने हीराबाईची कथा फारशी मनावर घेतली नाही. त्याने उचलली ती अनारकली. अकबरनामा असो वा जहांगीरची आत्मकथा, तिचा पत्ता कुठेच नाही. इंग्रज प्रवाशांच्या ऐकीव नोंदी, लाहोरची एक कबर आणि लोकांच्या तोंडची गोष्ट एवढ्यावर ती उभी आहे. १९२२ साली इम्तियाज अली ताज यांनी तिच्यावर उर्दू नाटक लिहिले आणि तिथून तिला आजचे रूप आले. म्हणजे अनारकलीचा चित्रपट ही ऐतिहासिक पोशाखातली निखळ अद्‌भुतकथाच. राजा खरा, राजपुत्र खरा, नायिका कल्पनेतली. ही कथा आपल्याकडे इतक्यांदा पुन्हा काढली गेली की तिची परंपराच झाली. १९२८ साली इम्पीरियलच्या मूकपटात सुलोचना अनारकली झाली, १९३५ साली त्याच कंपनीच्या बोलपटात पुन्हा तीच, आणि १९५३ साली फिल्मिस्तानच्या 'अनारकली'त बीना राय अनारकली झाल्यावर सुलोचना जोधाबाई होऊन पडद्यावर आली. त्यानंतर ५ ऑगस्ट १९६० रोजी के. आसिफ यांचा 'मुघल-ए-आझम' आला. १९५३च्या चित्रपटाचे संगीत पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांचे, म्हणजे सी. रामचंद्र यांचे; १९६०च्या चित्रपटाचे लखनौच्या नौशाद यांचे. दोन्हीकडे अनारकलीचा गळा लताबाईंचाच. गायिका तीच, कथा तीच, फक्त संगीतकार बदललेला. तुलनेला याहून स्वच्छ उदाहरण मिळणे कठीण, आणि म्हणूनच या दोन चित्रपटांच्या संगीतावर गेली साठ-पासष्ट वर्षे दोन तट पडलेले आहेत.

एका तटाचे म्हणणे थोडक्यात असे. नौशाद यांनी मुघल दरबार सुरांत उभा केला. तानसेनासाठी त्यांनी बडे गुलाम अली खाँसाहेबांना आणले, त्यांच्याकडून सोहनी आणि रागेश्री गाऊन घेतले. प्रत्येक गाण्याला पंचवीस हजार रुपये दिल्याची गोष्ट तर सर्वतोमुखी आहे. अब्दुल हलीम जाफर खाँ यांची सतार घेतली, गारा, केदार असे राग योजले, रफींच्या मागे मोठा वृंद उभा केला. याउलट सी. रामचंद्र म्हणजे 'अलबेला'वाले. दोनच वर्षांपूर्वी चिक चॉकलेटसारख्या गोवेकर वादकाला घेऊन बॅण्ड वाजवणारे. त्यांच्या 'अनारकली'त गोडवा आहे, पण तो १९५३च्या मुंबईचा. त्यात मुघल काही नाही. दुसरा तट म्हणतो, गोडव्यापुढे बाकीचे सगळे फोल. भीमपलासातले ते शेवटचे गाणे एकदा कानात शिरले की मग शीशमहालातले झगमगाटी गाणे नुसते भव्य वाटते. बारकाईने पाहिले तर दोन्ही तटांनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली आहे. नौशाद यांचे संगीत 'त्या काळचे' आणि चितळकरांचे 'त्या काळचे नसलेले' हे दोघांनाही कबूल आहे. पहिल्यांना त्याचे महत्त्व वाटते, दुसऱ्यांना वाटत नाही, इतकाच फरक. माझा आक्षेप या सामाईक समजुतीवर आहे. त्या काळाचे संगीत म्हणजे काय याचा पुरावा शोधायला कुठे लांब जायला नको. तो बुऱ्हाणपूरच्याच दप्तरात आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हणजे ऐन अकबराच्या काळात, खानदेशच्या फारुकी राज्यात बुरहानखानाच्या आश्रयाला पुंडरीक विठ्ठल नावाचा कर्नाटकी पंडित होता. शिवगंगेच्या डोंगराजवळच्या गावातून तो उत्तरेकडे आला. बुरहानखानासाठी त्याने 'षड्रागचंद्रोदय' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. उत्तरेचे राग कानावर पडत होते आणि हाताशी दक्षिणेची मेलपद्धती होती. त्याने एकोणीस मेलांत ते राग बसवण्याचा खटाटोप केला. पुढे तो कच्छवाह राजांकडे गेला, १५७६ साली 'रागमाला' लिहिली, नंतर 'रागमंजरी'त भारतीय रागांना जवळच्या अशा फारसी सुरावटींचीही नोंद केली, आणि 'नर्तननिर्णय' अकबरासाठी रचला. म्हणजे अनारकली जिथे नाचली असे चित्रपट सांगतात त्या दरबाराशी थेट संबंध असलेला आणि त्या काळचे नृत्यसंगीत लिहून ठेवणारा हा माणूस बुऱ्हाणपूरकडून गेलेला होता. त्याच्याहून अस्सल साक्षीदार कोण असणार? आणि त्याची साक्ष काय सांगते? त्याचे शुद्ध स्वरसप्तक मुखारीचे. आपण आज बिलावलच्या सप्तकाला शुद्ध म्हणतो. पुंडरीक ज्याला शुद्ध गंधार म्हणतो तो सूर आजच्या गायकाच्या लेखी शुद्ध रिषभ आहे. त्याचा शुद्ध निषाद आपला शुद्ध धैवत. पायाच इतका सरकलेला असताना वरच्या इमारतीतली खोली जागेवर राहील कशी? रागांची नावे टिकली, रूपे बदलली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नाने हे ग्रंथ मुंबईत छापले गेले. 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'च्या मराठी खंडांत भातखंड्यांनी गुरुशिष्यांच्या संवादातून पुन्हा पुन्हा हेच बजावले की जुन्या ग्रंथांतली लक्षणे आजच्या गायनाला जशीच्या तशी लावता येत नाहीत. मराठी वाचकाला ही गोष्ट १९१० पासून ठाऊक असायला हवी होती. तरीही सोहनीचा आलाप ऐकला की आपण अकबराच्या अंगणात पोचल्याचे समजतो.

वाद्यांचेही तेच. अबुल फज्लने 'आईन-इ-अकबरी'त दरबारातल्या छत्तीस कलावंतांची यादी दिली आहे. त्यात गवई आहेत, बीन आहे, स्वरमंडल, रबाब, घिचक, तंबूर, सुरना, कानून आहे. सतार आणि तबला नाहीत. त्या दोघांच्या नोंदी अठराव्या शतकात दिसू लागतात. ख्यालाला दरबारी प्रतिष्ठा मिळाली ती मुहम्मदशाहाच्या काळी, सदारंगाच्या हातून. ठुमरीचा बहर त्याच्याही नंतरचा, लखनौच्या नबाबीतला. तानसेन धृपद गात होता. आता 'मुघल-ए-आझम'मधला तो रात्रीचा प्रसंग आठवा: बागेत सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतो आहे, दोघांत शब्दही नाही, आणि दूर कुठे सुरेंद्रचा तानसेन गातो आहे. पाठीमागे येतो तो पतियाळा घराण्याच्या ठुमरीअंगाने मुरलेला विसाव्या शतकातला आवाज. तो आवाज अलौकिक आहे. तिथे दुसरा कोणताही आवाज चालला नसता. पण तो तानसेनाचा काळ नव्हे. धृपदच हवे असते तर त्या वेळी डागर बंधू गातच होते; आसिफ आणि नौशाद त्यांच्याकडे गेले नाहीत, कारण त्यांना इतिहास नको होता, त्या क्षणाची ऊब हवी होती. त्यांची निवड योग्य होती. तिला इतिहासाचे प्रमाणपत्र देऊ नये, एवढेच म्हणणे.

मुघल संगीताबद्दलच्या आपल्या ठाम समजुती किती ठिसूळ आहेत याचे दुसरे उदाहरण जैनाबादशीच निगडित आहे. औरंगजेबाने संगीतावर बंदी घातली आणि गवयांनी संगीताची प्रेतयात्रा काढली, तेव्हा बादशहा म्हणाला, खोल पुरा, ही गोष्ट इटालियन प्रवासी मनुचीने लिहिली आणि शालेय पुस्तकांपर्यंत पोचली. बादशहाने पुढे स्वतः गाणे ऐकणे सोडले हे खरे. पण त्याच्याच दरबारच्या इतिहासकारांनी त्याला संगीताची उत्तम जाण होती असे नोंदले आहे, आणि त्याच्याच कारकिर्दीत १६६६ साली फकीरुल्लाने 'रागदर्पण' लिहिले, पाठोपाठ मिर्झाखानाचा 'तुहफत-उल-हिंद' आला. ज्या काळात संगीत पुरले गेले म्हणतात त्याच काळात संगीतावरचे फारसी ग्रंथ एकामागून एक तयार होत होते. संगीताच्या अभ्यासक कॅथरीन ब्राऊन यांनी २००७ साली हा सगळा पुरावा मांडून सरसकट बंदीची गोष्ट टिकत नाही असे दाखवले. तरीही पडद्यावरचा औरंगजेब सुरांचा वैरीच असतो. ज्याने आहूखान्यात एका गायिकेपुढे हात टेकले त्याच्याबद्दल ही समजूत इतकी घट्ट बसू शकते, तर 'मुघल काळाचे खरे संगीत' आपल्याला ऐकून कळते असा दावा कोणी करू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. काळाचे बंधन काढून टाकले तर मग अकबराच्या दरबारात गिटार वाजली तरी चालेल का? आक्षेप वजनदार आहे आणि त्याला बगल देऊन भागणार नाही. उत्तर असे की बंधन राहतेच, फक्त ते काळाचे नसते. प्रत्येक चित्रपट आपले एक जग उभे करतो आणि त्या जगाची भाषा, चाल, आदब पहिल्या दहा मिनिटांत ठरवून टाकतो. त्या आदबीला धक्का देणारे वाद्य चालणार नाही, मग ते सोळाव्या शतकातले असो वा विसाव्या. नौशाद यांच्या वृंदात व्हायोलिनांचा ताफा आहे आणि तो कोणाला खटकत नाही, कारण संगमरवरी खांब आणि मोठमोठी पल्लेदार वाक्ये यांच्या जगात तो शोभतो. अकबराच्या दरबारात व्हायोलिन नव्हते हे ठाऊक असूनही शोभतो. काळाचीच कसोटी लावायची असती तर नौशादही त्याच क्षणी नापास झाले असते.

दुसरा आक्षेप अधिक नाजूक आहे: ख्याल-ठुमरी ही धृपदाचीच संतती, तेव्हा बडे गुलाम अलींच्या गळ्यात तानसेनाचे काहीतरी उतरलेच असेल, 'अनारकली'च्या फिल्मी चालीत ते कसे येणार? वारसा मलाही मान्य आहे. पण मग चितळकरांना त्या वारशातून वगळायचे कारण काय? ते पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या हाताखाली, नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकले होते. 'अनारकली'त त्यांनी भीमपलास घेतला, बागेश्री घेतला. त्या चित्रपटातले एक गाणे बसंत प्रकाश यांचे आहे, बाकी चितळकरांचे, आणि त्या गाण्यांत 'अलबेला'चा बॅण्ड शोधूनही सापडत नाही. 'अलबेला'सारखे संगीत करणारा माणूस कथा बदलताच आपला सगळा थाट बदलतो, हे त्याच्या समजेचे लक्षण मानायचे की त्याच्यावर जुन्या चित्रपटाचा शिक्का मारून मोकळे व्हायचे? मराठी माणूस म्हणून त्यांची बाजू घेण्याचा इथे प्रश्न नाही. नौशाद यांच्याच 'बैजू बावरा'त १९५२ साली द. वि. पलुसकर गायले तेव्हा मराठी रसिकांनी नौशाद यांना डोक्यावर घेतले होते आणि ते योग्यच होते.

मग कसोटी कोणती? माझ्या मते ती चित्रपटांच्या नावातच आहे. एकाचे नाव मुलीचे आहे, दुसऱ्याचे बादशहाचे. १९५३च्या चित्रपटात अनारकली भिंतीत चिणली जाते आणि मरते. १९६०च्या चित्रपटात अकबर तिला भुयारातून गुपचूप सोडून देतो, कारण तिथे न्यायी ठरायचे असते ते अकबराला. दोन्ही संगीतकारांनी आपापला शेवट आधी ओळखला आणि त्याला धरून चाली बांधल्या. नौशाद यांच्या संगीतात दरबार ऐकू येतो. कृष्णजन्माचा उत्सव, शीशमहालातले आव्हान, शेवटचा वृंद, सगळीकडे गाणारी व्यक्ती मोठ्या दालनात उभी आहे आणि समोर सत्ता बसलेली आहे; शीशमहालातल्या गाण्याला जो प्रतिध्वनी दिला आहे तो त्या दालनाचाच. चितळकरांच्या संगीतात दालन नाहीच. एकच चाल दोनदा येते, आधी प्रेमाच्या भरात, मग विटांचा थर गळ्यापर्यंत चढत असताना. सूर तेच, लय उतरते, श्वास लांबतो, आणि पहिल्या वेळी जे सुख वाटले होते तेच दुसऱ्या वेळी निरोप होऊन बसते. दरबारात नशेत असल्यासारखी डोलत ती गाते त्या गाण्यातही लताबाईंचा आवाज लडखडतो तो अगदी जवळून, जणू ऐकणारा एकटाच आहे. हे एका गाणाऱ्या बाईचे संगीत आहे. तिच्याभोवती साम्राज्य आहे याची आठवण ते करून देत नाही, कारण तिलाही ती उरलेली नाही.

मतभेदांचा इतिहास पाहिला तरी हेच दिसते. 'मुघल-ए-आझम'च्या वर्षीचा फिल्मफेअरचा संगीत पुरस्कार नौशाद यांना मिळाला नाही. तो 'दिल अपना और प्रीत पराई'साठी शंकर-जयकिशन यांना गेला. त्या निर्णयावर आजही बोट ठेवले जाते. २००४ साली 'मुघल-ए-आझम' रंगीत होऊन आला तेव्हा मूळ गळे तसेच ठेवून वाद्यमेळ नव्याने ध्वनिमुद्रित केला. जुन्या श्रोत्यांना त्यात मूळचा ओलावा हरवल्यासारखा वाटला, नव्यांना पहिल्यांदाच त्या संगीताचा विस्तार जाणवला. दोघेही बरोबर होते. दरबाराच्या संगीताला मोठा आवाज मानवतो. तेच 'अनारकली'च्या शेवटच्या गाण्याला केले असते तर ते मोडले असते. सी. रामचंद्र यांना स्वतःला ही कथा सुटली नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीला एन. टी. रामाराव यांनी तेलुगूत अकबर-सलीम-अनारकली पुन्हा पडद्यावर आणली तेव्हा संगीतासाठी त्यांनाच बोलावले.

बुऱ्हाणपूरकडे आणखीही एक गायिका सांगतात, उतावळी नदीकाठच्या महल गुलाराची गुलारा, जिच्यावर शाहजहान भाळला म्हणतात. ती दंतकथा असेल. हीराबाई मात्र कल्पित नाही. ज्या शेख जैनुद्दीन यांच्या नावाने जैनाबाद ओळखले जाते, त्यांच्याच दर्ग्याच्या आवारात खुलदाबादला औरंगजेबाची साधी कबर आहे. हीराबाईवर कधीतरी चित्रपट निघेल, आणि निघाला की त्याच्या संगीतावर वाद होणारच. तेव्हा तिने नेमके काय गायले असेल हे शोधायला संगीतकाराला कोणी बखरी चाळायला लावू नये. ते तिथे मिळणार नाही. फांदी धरून हलक्या आवाजात गुणगुणणारी बाई त्याला ऐकू येते का, एवढेच विचारावे. त्या कसोटीवर नौशाद यांनी बादशहाचे थोर संगीत दिले, आणि अनारकलीचे संगीत सी. रामचंद्र यांनी दिले.